वेळेचा रकाना: पुरुषांच्या हार्मोन तपासणीचं कार्ड, निपाणी

१० जून २०२४

काल दुपारी आमच्या लॅबमध्ये भोजचे एक गृहस्थ आले. पिशवीतून तीन रिपोर्ट काढून त्यांनी टेबलावर ओळीनं मांडले. एक निपाणीचा, एक कोल्हापूरचा, एक बेळगावचा. तिन्हींवर टेस्टोस्टेरॉनच होतं. पहिल्यावर ३.१, दुसऱ्यावर ३१८, तिसऱ्यावर १०.६. "ताई, वर जातंय, खाली येतंय. ह्यातलं खरं कुठलं धरायचं?" आवाज इतका हळू की बाकावर बसलेल्या माणसाला ऐकू जाऊ नये. एप्रिलपासून त्यांना झोप नाही म्हणाले.

मी कॅल्क्युलेटर घेतला. दुसरा आकडा नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये आहे, तो तसाच ठेवला. पहिला नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये, त्याला शंभरनं गुणलं की ३१०. तिसरा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये, त्याला २८.८ नं गुणलं की साधारण ३०५. म्हणजे तिन्ही आकडे जवळजवळ एकच. एककं वेगळी, एवढंच. सीमेच्या अलीकडं एक लॅब, पलीकडं दुसरी, आणि आमचा माणूस एसटीनं दोन्हीकडं फिरतो. ते गृहस्थ डोळे मिटून खुर्चीला टेकले.

पण रिपोर्ट पुन्हा वाचताना माझं लक्ष दुसऱ्या गोष्टीकडं गेलं. निपाणीच्या रिपोर्टवर वेळ होती दुपारी ४.४०. कोल्हापूरच्या रिपोर्टवर वेळ छापलेली, पण ती नाव नोंदवल्याची. रक्त कधी काढलं हे कुठंच नाही. बेळगावच्या रिपोर्टवर ते उपाशी होते की जेवून आले होते याचा पत्ता नाही. असल्या तीन कागदांवर कुणी काय ठरवायचं?

आजपासून ही वही. सध्या नऊ पुरुष आमच्याकडं या तपासणीला येतात. प्रत्येकाला एक कार्ड द्यायचं, ते त्यानं दोन्ही राज्यांतल्या डॉक्टरांकडं न्यायचं.

१४ जून

कोल्हापूरच्या हार्मोनच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. आमचे पाच पेशंट त्यांच्याकडंच जातात. कार्डाची कल्पना ऐकून ते म्हणाले, "आकडा मला रिपोर्टवर मिळतोच. तुम्ही मला आकड्याच्या आधीचं लिहून द्या."

त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं उतरवते. निदानासाठी रक्त सकाळी, दहाच्या आत, उपाशीपोटी. एकदा कमी आलं म्हणून निदान होत नाही, वेगळ्या दिवशी दुसऱ्यांदा बघायचं. ताप, मोठं आजारपण, ऑपरेशन असल्या दिवसांत बघायचंच नाही, कारण तेव्हा पातळी तशीही उतरते. आणि सोबत तक्रार हवी: इच्छा कमी होणं, सकाळची ताठरता जाणं, अशक्तपणा, स्नायू उतरणं. तक्रार नसताना नुसत्या आकड्याला औषध नाही.

कमी म्हणजे किती, यावरही एकमत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं निरोगी, सडपातळ तरुणांच्या मोजणीवरून खालची हद्द २६४ धरली. त्याच वर्षी तिथल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ३०० च्या खाली कमी म्हटलं. (यापुढं वहीत टेस्टोस्टेरॉन सगळीकडं नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटरमध्येच लिहीन.) भोजचे काका या दोन हद्दींच्या अगदी शेजारी उभे आहेत. त्यांच्यासाठी सकाळ आणि दुपार यांतला फरक म्हणजे औषध लागणं आणि न लागणं.

२० जून

कार्डाचा पहिला नमुना छापून आला. पहिला रकाना वेळेचा. रक्त किती वाजता काढलं, शेवटचं कधी खाल्लं, रात्री किती झोप झाली, शेवटचा डोस कधी आणि कुठला. आकड्याचा रकाना सहावा. छापखान्यातला मुलगा म्हणाला, "मॅडम, रिझल्ट वर घ्या की, लोक तेच बघतात." मी नको म्हटलं.

लॅब नऊला उघडत होते. आता आठवड्यातून तीन दिवस सातला. खेड्यातून येणाऱ्या माणसाला पहिली गाडी धरून साडेसातपर्यंत पोचता येतं. तंबाखूच्या वखारीतले हमाल कामावर जाताजाताच हात पुढं करून जातात.

४ जुलै

कार्ड १. वय ५२, मधुमेह, वजन ९८ किलो. दोन्ही सकाळचे आकडे: २६१ आणि २७२. मला वाटलं, आता औषध सुरू होणार. डॉक्टरांनी एसएचबीजी मागवलं. टेस्टोस्टेरॉन रक्तात बरंचसं या प्रथिनाला घट्ट चिकटून फिरतं, आणि लठ्ठपणात, मधुमेहात हे प्रथिनच कमी होतं. गाडी लहान म्हणून माल कमी दिसतो. मोकळा भाग एसएचबीजी आणि अल्ब्युमिन धरून गणितानं काढला, तो ठीक निघाला. तूर्त वजन आणि साखर, सहा महिन्यांनी पुन्हा. उलट वाढत्या वयात आणि यकृताच्या काही आजारांत एसएचबीजी वाढतं, तेव्हा एकूण आकडा बरा दिसतो आणि मोकळा भाग कमी असू शकतो.

२७ जुलै

वेदगंगा, दूधगंगा भरून वाहतायत. खालचे पूल पाण्यात. दोन सॅम्पल पुढं जाऊ शकली नाहीत. सीरम वेगळं करून फ्रिजमध्ये ठेवलंय, टेस्टोस्टेरॉनला तेवढं चालतं. कार्डावर उशीर लिहिला.

९ ऑगस्ट

आज कार्ड ३ वर बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

वय ४४, अकोळकडचे शेतकरी. लहानपणी गालगुंड झालेलं, ते खाली उतरलं होतं. अंडकोषच कमी काम करतात, म्हणून त्यांना कामाला लावणारे, मेंदूकडून येणारे हार्मोन एलएच आणि एफएसएच दोन्ही वाढलेले. निदानात शंका नाही. दीड वर्ष टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेटचं २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन चालू आहे. पण या दीड वर्षात डोस चार वेळा बदलला. एकदा ११९० आलं म्हणून दोन सुयांमधलं अंतर तीन आठवड्यांवरून चारवर नेलं. मग १८० आलं म्हणून दुसऱ्या ठिकाणी ते दोनवर आणलं. माणूस हैराण. म्हणतात, "पहिला आठवडा कुणाशी बी भांडण काढतोय मी, आन् शेवटच्या आठवड्यात अंथरुणातनं उठूस वाटत न्हाई."

सुई कोणत्या तारखेला घेतली होती ते त्यांना आठवेना. बायको सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या कॅलेंडरावर हाय." दुपारी मुलाकरवी जुन्या वर्षाचं आणि चालू वर्षाचं, दोन्ही कॅलेंडरं आली. भिंतीवरची, खिळ्याच्या भोकापाशी फाटलेली. प्रत्येक चौकटीत दुधाचा हिशोब, सकाळ दीड, संध्याकाळ एक. आणि मध्येमध्ये एखाद्या तारखेच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट. सुईचा दिवस. नवऱ्याला न सांगता त्या दीड वर्ष बोट टेकवत होत्या.

मी रिपोर्ट काढले आणि तारखा शेजारी लावल्या. ११९० आलं ते सुईनंतर दुसऱ्या दिवशी. १८० आलं ते सत्ताविसाव्या दिवशी. हे इंजेक्शन तेलात असतं, स्नायूत साठतं. पहिल्या दोनतीन दिवसांत पातळी उसळी मारते आणि मग उतरत जाते. एकच डोस, एकच माणूस, फक्त एकदा लाटेच्या माथ्यावर मोजलं, एकदा तळाशी. दोन्ही रिपोर्ट खरे होते. त्यांवरून घेतलेले दोन्ही निर्णय चुकले, कारण मधला दिवस कुणी विचारला नाही. मी त्या जागी असते तर विचारला असता का? जूनच्या आधी मीही विचारत नव्हते.

या प्रकारच्या सुईत रक्त दोन सुयांच्या बरोबर मध्ये काढायचं असतं, आणि आकडा साधारण ३५० ते ६०० च्या दरम्यान हवा. सध्या दर दोन आठवड्यांनी घेतात, म्हणजे सातव्या दिवशी. कार्डावर तारीख घातली.

१६ ऑगस्ट

कार्ड ३, सातवा दिवस, सकाळी ७.१०: ७०५. डॉक्टरांनी तोच डोस लहान करून आठवड्याला एकदा केला, म्हणजे लाट बुटकी होईल. तीन महिन्यांनी पुन्हा.

बाईंना मी म्हटलं, कार्डाचा पहिला रकाना तुमच्या कॅलेंडरचाच आहे. त्या नुसत्या हसल्या.

१९ ऑगस्ट

प्रत्येक औषधाची वेळ वेगळी आहे, म्हणून कार्डाच्या आत छोट्या अक्षरांत छापून घेतलं. एनॅन्थेटसारखी सुई: दोन सुयांच्या मध्यावर. अनडेकॅनोएटची १००० मिलिग्रॅमची मोठी सुई, जी सुरुवातीच्या दुसऱ्या सुईनंतर दहा ते चौदा आठवड्यांनी घेतात: पुढची सुई टोचायच्या आधी, त्याच दिवशी. जेल: किमान आठवडाभर लावल्यावर, लावल्यापासून दोन ते आठ तासांत. अनडेकॅनोएटची कॅप्सूल: तेलातुपाच्या जेवणाबरोबर घेतल्यावर तीन ते पाच तासांनी. ही कॅप्सूल कोरड्या चहाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. एका माणसाची पातळी उठत नव्हती त्याचं कारण तेच निघालं, ते सोमवार-गुरुवार उपास धरतात.

आणखी एक ओळ घातली: केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. काही यंत्रांवर बायोटिनमुळं टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दिसतं.

१२ सप्टेंबर

ही चूक माझी आहे. कार्ड ६, जेल लावतात. रिपोर्ट आला १५०० च्या वर. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कुठल्या हातातून काढलं?" उजव्या. "जेल कुठं लावतात?" उजव्या दंडाला आणि खांद्याला. कातडीवर राहिलेलं औषध सुईच्या तोंडाशी रक्तात मिसळलं होतं. मी स्पिरिटनं पुसलं होतं, पण ते पुरलं नाही. आज दुसऱ्या हातातून काढलं: ४६०.

दोन दिवस तो माणूस हृदयाला काही होईल म्हणून घरी पडून होता. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. तिथं दोन वर्षांची नात त्यांच्या खांद्यावर झोपलेली. जेल सुकल्याशिवाय आणि अंग झाकल्याशिवाय मुलांना जवळ घ्यायचं नाही, बायकांच्या आणि लेकरांच्या अंगाला ते लागतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कार्डावर आता "जेल कुठं लावता" असा रकाना आहे.

८ ऑक्टोबर

कार्ड ८. वय २७. लग्नाला दोन वर्षं, मूल नाही. तालमीतल्या मित्राच्या सांगण्यावरून वर्षभर सुया घेतोय, डॉक्टरची चिठ्ठी नाही. शरीर पिळदार. टेस्टोस्टेरॉन ९२०. रिपोर्ट बघून तो म्हणाला, "बघा ताई, माझ्यात कायबी कमी न्हाई."

शेजारच्या दोन ओळी मी बोटानं दाखवल्या. एलएच ०.१, एफएसएच ०.२. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं घरात भरपूर आहे, आणि तो अंडकोषांना हुकूम पाठवणं थांबवतो. रक्तात पातळी उंच, पण अंडकोषाच्या आत, जिथं ती कितीतरी पटीनं जास्त लागते, तिथं कोरड. वीर्यतपासणीत शुक्रजंतू शून्य.

त्याची बायको बाहेर बाकावर बसलेली. वर्षभरात तिची सोनोग्राफी तीनदा झाली, सासूनं दोन देवस्थानांचे नवस बोलून घेतले, आणि याची तपासणी आज पहिल्यांदा. मला राग आला आणि तो मी लपवला नाही. म्हटलं, आधी बाहेर जाऊन तिला सांग की तिच्यात काही दोष सापडलेला नाही, मग आपण पुढचं बोलू. तो गेला. काचेतून दिसत होतं, तो खाली बघून बोलत होता, आणि तिनं पदर तोंडाला लावला.

सुई बंद. कोल्हापूरला पाठवलंय. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं परत येतं, पण महिने लागतात. ज्याला मूल हवंय त्याला टेस्टोस्टेरॉन द्यायचंच नसतं, त्याला वेगळी औषधं आहेत. कार्डाच्या पहिल्या पानावर आता प्रश्न छापलाय: "मूल हवं आहे का?"

११ नोव्हेंबर

हुक्केरीकडचे एक कन्नड बोलणारे गृहस्थ म्हणाले, आमच्यासाठी पण करा. शेजारच्या औषध दुकानातल्या काकांनी मागची बाजू कन्नडमध्ये लिहून दिली. रक्त तिकडंही रक्तच. आणि पहिल्या रकान्यावर त्यांनी लिहिलं "वेळे". आपली वेळ, त्यांची वेळे. ते अक्षर मी बराच वेळ बघत बसले.

कार्ड ३ ची तीन महिन्यांची तपासणीही याच आठवड्यात झाली: ४८०. भांडणं थांबली, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं.

५ डिसेंबर

गळीत हंगाम ऐन भरात. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, सातच्या आत लॅबला पोचायला मलाच वेळ लागतो.

कार्ड ११, साखर कारखान्यात रात्रपाळी, वय ३८. पाळी सुटल्यावर सरळ इथं आले, सकाळी ८.०५, उपाशी. नियम सगळे पाळलेले. आकडा २३८. पण झोपेचा रकाना रिकामा ठेवून त्यांनी तिथं एक रेघ मारली होती. टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढतं, घड्याळात आठ वाजले म्हणून वाढत नाही. रात्रभर जागलेल्या माणसाची सकाळ ही सकाळ नव्हे. डॉक्टर म्हणाले, दिवसपाळी मिळाली की आठदहा दिवस नीट झोपून या.

२० डिसेंबर

कार्ड ११: सात तास झोप, सकाळी ७.३०, ३६६. औषध नाही. एका रेघेनं त्यांना कदाचित आयुष्यभराच्या सुयांपासून वाचवलं.

१६ जानेवारी २०२५

कार्ड २. सैन्यातून निवृत्त, वय ६१. मला पोरी म्हणतात. अनडेकॅनोएटची मोठी सुई, पुढच्या सुईआधी आकडा ४३०, म्हणजे उत्तम. पण आज रक्त काढतानाच ते ट्यूबमध्ये संथ उतरत होतं, रंगानं काळपट. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधून यंत्रानं पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं शेकडा प्रमाण, दिलं ५५. यंत्रावर विश्वास नव्हता म्हणून बारीक काचनळी भरली, एक टोक मातीनं बंद केलं आणि पाच मिनिटं फिरवली. बाहेर काढून पट्टीवर धरली. लाल थर नळीच्या निम्म्याच्याही वर, पिवळं पाणी जेमतेम. पुन्हा ५५. औषध सुरू करायच्या आधी ते ४७ होतं.

टेस्टोस्टेरॉन लाल पेशी वाढवतं. रक्तक्षयात ते बरं, पण पीसीव्ही ५४ च्या वर गेलं की औषध थांबवायचं आणि कारण शोधायचं. काका बिडी ओढतात. आणि काकू म्हणाल्या की रात्री घोरताघोरता यांचा श्वास मध्येच थांबतो. त्याचीही तपासणी सांगितली. सुई पुढं ढकलली.

काका नाराज. "पोरी, हार्मोन चांगलं हाय म्हणतीस आन् औषध बंद करतीस?" मी नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीकडं धरून पाहिली आणि म्हणाले, "घट्ट झालंय." मग हृदयाचं विचारलं. डॉक्टरांनी फोनवरूनच सांगितलं: २०२३ मध्ये ट्रॅव्हर्स नावाचा मोठा अभ्यास आला, हृदयविकार असलेल्या किंवा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांचा. त्यात खोट्या औषधाच्या तुलनेत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढले नाहीत. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं हे मात्र जास्त दिसलं. रक्त घट्ट असताना हा धोका नको.

चाळिशीच्या पुढच्या सगळ्या कार्डांवर पीसीव्ही आणि पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी): सुरुवातीला, मग तीन ते सहा महिन्यांत, मग वर्षाला. पीएसए वर्षभरात १.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा जास्त वाढलं तर मूत्ररोगतज्ज्ञांकडं. काकांचं ठीक आहे.

२४ फेब्रुवारी

कार्ड ८. एलएच २.९. शुक्रजंतू दिसले, मिलिलिटरला ४० लाख. जागतिक आरोग्य संघटनेची खालची हद्द १ कोटी ६० लाख, म्हणजे अजून बरंच लांब. टेस्टोस्टेरॉन मात्र ९२० वरून ३४० वर आलंय आणि दंड उतरलेत, त्याची खंत त्याच्या तोंडावर दिसते. या वेळी बायको आत येऊन खुर्चीत बसली होती. कार्ड तिच्या पर्समध्ये असतं.

कार्ड २: सुई थांबवून बिडी कमी केली, पीसीव्ही ५१.

१८ मार्च

कार्डं आता सव्वीस. भोजचे काका जानेवारीतच दोन सकाळच्या तपासण्या करून गेले होते, ३५२ आणि ३३९. औषध नाही, झोप लागते.

संध्याकाळी लॅब बंद करताना अकोळहून फोन. कार्ड ३ च्या घरचा. "ताई, आज मंगळवार, सुई झाली. आठवड्याची हाय, म्हंजे मधला दिवस शुक्रवार न्हवं? मी बोट टेकवून ठेवलंय. सातला येतो."

वहीत लिहिलं: शुक्रवार, २१ मार्च, सकाळी ७.००, कार्ड ३, सुईनंतर तिसरा दिवस. आकड्याची जागा कोरी.